तबकडीचा बटवा

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझी भाची चिखलीहून खामगांवीं आमच्या घरीं आली, तेव्हां तिच्या खांद्याला एक वाटोळा, काळाभोर, चकचकीत बटवा लोंबत होता. कातड्याचा असावा असें प्रथम वाटलें; जवळून पाहिला तों ती ग्रामोफोनची तबकडी निघाली. एक नव्हे, दोन लहान सात-इंची तबकड्या. एक दर्शनी बाजूस, दुसरी पाठीमागें. दोहोंच्या मध्यें चार बोटें रुंदीची इरकली कापडाची पट्टी, तोंडाशीं चेन, आणि बटव्याच्या ऐन मध्यावर गायिकेचें नांव छापलेलें तांबडें लेबल. काम इतकें सफाईचें होतें कीं पहिल्या क्षणीं माझ्या तोंडून शाबासकीच गेली. दुसऱ्या क्षणीं मीं विचारलें, "यांतलें गाणें तूं ऐकलें आहेस का?" "नाहीं हो मामा," ती म्हणाली, "आमच्याकडे वाजवायला यंत्र कुठें आहे?"

या उत्तरांत लाज नव्हती आणि उद्धटपणाही नव्हता. एक साधी वस्तुस्थिति तिनें सांगितली. तरीसुद्धां तें उत्तर मला चार दिवस बोंचत राहिलें, आणि कां बोंचतें याचा उलगडा होईना. तीस वर्षें तर्कशास्त्र व नीतिशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला स्वतःच्याच नापसंतीचें कारण सांगतां येऊं नये ही गोष्ट बरी नव्हे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधीं तिचा उद्योग काय आहे तें सांगतों. न पाहतां निंदा करणें फार सोपें असतें. भंगारवाल्यांकडून ती तबकड्या वजनावर घेते. जुन्या लाखेच्या, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या तिच्या कामाच्या नाहींत. त्या ठिसूळ, गिरमिट लावतांच तडकतात. तिला लागतात त्या व्हिनाइलच्या, म्हणजे एका जातीच्या प्लास्टिकच्या, इ. स. १९४८ नंतर जगांत रूढ झालेल्या. लहान तबकड्या सपाटच वापरावयाच्या. मोठी असेल तर पसरट भांड्यांत पाणी कढत करून त्यांत ती सोडली कीं ओल्या पापडासारखी मऊ पडते. मग डब्यावर वांकवून धरावी आणि निवूं द्यावी. जो आकार दिला तो कायम. प्रत्यक्ष जाळावर धरली तर मात्र घशाला झोंबणारा विषारी धूर निघतो, म्हणून चुलीच्या ज्वाळेपासून ती दूर. कांठाला सारख्या अंतरावर बारीक भोंकें पाडावयाचीं, मेणलेल्या दोऱ्यानें पट्टी शिवावयाची, आंत अस्तर लावावयाचें. दिवसाला दोन बटवे झाले तर पुष्कळ. बचत गटाच्या प्रदर्शनांत ते विकले जातात आणि त्या पैशांतून मुलाच्या शाळेची फी भरली जाते. हें सर्व ऐकल्यावर 'गाण्याची कत्तल' वगैरे जे शब्द माझ्या ओठांवर आले होते ते मीं निमूटपणें गिळले.

मग मीं माझीच उलटतपासणी आरंभिली. जुन्या वस्तूचें नवें कांहीं केलेलें मला खपत नाहीं काय? तसें तर मुळींच नाहीं. आजीच्या लुगड्यांच्या गोधडींत मी वाढलों. लुगडें पेटींत कसरीच्या तोंडीं पडण्यापेक्षां गोधडी होऊन नातवाच्या अंगावर यावें यांतच त्याचें सार्थक, असें आपण सारेच मानतों. आमच्या वऱ्हाडांत पडक्या हेमाडपंती देवळांचे कोरीव दगड कुणाच्या ओट्याच्या पायरीला, कुणाच्या विहिरीच्या कांठाला बसविलेले दिसतात. इतिहासाचा अभ्यासक हळहळतो. पण त्या पायरीवर बसून त्यानेंही पाणी प्यालेलें असतें. मात्र लुगड्याचें काम अंग झांकण्याचें आणि गोधडी झाल्यावरही तें अंगच झांकतें. दगडाचें काम भार वाहण्याचें आणि पायरी झाला तरी तो भारच वाहतो. तबकडीचें काम बोलण्याचें. बटवा झाल्यावर ती बोलत नाहीं.

हा भेद मला प्रथम पुरेसा वाटला. पण तो नीट तपासण्यास खामगांवासारखें गांव नाहीं. येथील चांदीची पेठ प्रसिद्ध आहे आणि तेथें रोज जुनी चांदी मोडींत येते. वाळे, तोडे, अत्तरदाणी, कुणाच्या बारशाची वाटी, सर्व एकाच मुशींत जातात. सराफ वजन धरतो, घडणावळ सोडून देतो, आणि वाटीवर कोरलेलें नांव वितळलें म्हणून कोणी सुतक पाळीत नाहीं. ॲरिस्टॉटलनें केलेला उपादान आणि रूप हा भेद घेऊन बोलावयाचें तर येथें रूप गेलें, उपादान राहिलें, आणि बाजाराच्या लेखीं मोल उपादानाचें. तबकडीचें याच्या अगदीं उलट. उपादान म्हणून ती भंगार. तिचें सारें मोल तिच्या अंगावरच्या रेघेंत. एका बाजूवर ज्या शेंकडों वर्तुळाकार रेघा दिसतात त्या वस्तुतः एकच रेघ आहे. कांठापासून लेबलापर्यंत गोगलगाईच्या शंखासारखी फिरत गेलेली, आणि तिच्या भिंतींच्या, केंसाहून बारीक नागमोडींत सबंध गाणें सांठविलेलें. आतां गंमत अशी कीं, माझी भाची ही रेघ पुसून टाकीत नाहीं. सपाट तबकडीच्या बटव्यावर ती जशीच्या तशी आहे. कांठाला भोंकें पडलीं, पट्टी शिवली गेली, म्हणून सुईची वाट तेवढी बंद झाली. मग काय नष्ट झालें? रूप आहे, उपादान आहे, आणि गाणें नाहीं. पण माळ्यावर पेटींत पडलेल्या तबकडीचीही हीच स्थिति नव्हे काय? हा प्रश्न मनांत आला आणि मीं तो तूर्त बाजूला सारला. कां सारला, तें पुढें येईल.

कोणी म्हणेल, गाणें म्हणजे तबकडी नव्हेच. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यास आला आणि इ. स. १९०२ च्या नोव्हेंबरांत त्यानें गौहरजानचें गाणें मुद्रित केलें. त्या मूळ मुद्रा जहाजानें जर्मनींत हॅनोव्हरला गेल्या, तेथें तबकड्या छापल्या गेल्या आणि त्या परत हिंदुस्थानांत विकावयास आल्या. गाणें कोणाचें हें परदेशच्या कारखान्यांत कळावें म्हणून गाण्याच्या शेवटीं ती आपलें नांव स्वतः उच्चारीत असे. पुढें लाख गेली, व्हिनाइल आलें. तें गेलें, कॅसेटची फीत आली. आतां तेंच गाणें खिशांतल्या भ्रमणध्वनींत वाटेल तेव्हां ऐकावें. गीतेंतील जीर्ण वस्त्राचा दृष्टांत येथें तंतोतंत बसतो. सूर हा देही, तबकडी हें वस्त्र. टाकलेल्या वस्त्राचा कोणी बटवा शिवला तर देह्याचें काय गेलें?

हा युक्तिवाद मला वर्गांत कोणी ऐकविला असता तर मीं त्याला चांगले गुण दिले असते. नैयायिकांच्या भाषेंत सांगावयाचें तर, व्यक्ति नष्ट झाली तरी जाति राहते. पण ज्या शेतकऱ्याची गाय मेली त्याला गोत्व शाबूत असल्याचें सांगून त्याचें समाधान होत नाहीं. शिवाय जाति ज्या व्यक्तींच्या आधारानें ओळखूं येते त्या व्यक्तीच एकामागून एक सरत गेल्या तर? 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट इ. स. १९३१ च्या मार्चमध्यें मुंबईस लागला. आज त्याची एकही प्रत कोठें नाहीं. जुन्या चित्रपटांच्या फितींतील चांदी काढून घेण्यासाठीं पुष्कळ फिती नष्ट करण्यांत आल्या. फितींच्या जतनासाठीं पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें तें इ. स. १९६४ मध्यें, तोंवर फार उशीर झाला होता. दुसऱ्या महायुद्धांत लाखेची चणचण भासूं लागली तेव्हां, इ. स. १९४२ मध्यें, अमेरिकेंत पुष्कळ दुकानीं नवी तबकडी घ्यावयाची तर जुनी परत द्यावी लागे. जुनी दळून तिचीच नवी होई. या सर्व व्यवहारांत दुष्ट माणूस कोणीही नाहीं. प्रत्येकाला वाटत होतें कीं आपल्या हातांतली एक प्रत गेली तर काय झालें, दुसऱ्याकडे असेलच. आणि अडचण ही कीं, शेवटच्या प्रतीवर 'ही शेवटची' असें कोठेंच लिहिलेलें नसतें.

मात्र प्रामाणिकपणानें दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकांतली एक चर्मपत्रांची प्रत होती. तेराव्या शतकांत, इ. स. १२२९ च्या सुमारास, कोणा ख्रिस्ती साधूनें ती खरवडली आणि त्याच पानांवर प्रार्थना लिहिल्या. चर्मपत्र महाग, आर्किमिडीज वाचणारें जवळपास कोणी नाहीं. माझ्या भाचीहून त्या साधूचा अपराध मला मोठा वाटत नाहीं. इ. स. १९०६ मध्यें हायबर्ग या पंडितानें प्रार्थनांच्या खालचीं पुसट अक्षरें वाचलीं, आणि अन्यत्र कोठेंही न उरलेला मजकूर हातीं लागला. प्रार्थनापुस्तक झालें म्हणून तीं पानें सात शतकें कोणी फेंकलीं नाहींत. आतां अमेरिकेंत बर्कलीच्या प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञांनीं सुई न लावतां, निव्वळ प्रकाशानें तबकडीची रेघ वाचण्याची युक्ति काढली आहे. तुटक्या तबकडीलाही ती बोलती करूं शकते. तेव्हां चिखलीचा एखादा बटवा उद्यां कुणाचा आर्किमिडीज ठरणार नाहीं, असें मी छातीठोकपणें सांगूं शकत नाहीं. याच्या नेमका उलट प्रकार युद्धानंतरच्या सोव्हिएट रशियांत घडला. बंदी असलेलें संगीत तेथें इस्पितळांतून टाकून दिलेल्या क्ष-किरणांच्या फिल्मांवर चोरून कोरलें जाई. कुणाच्या तरी बरगड्यांवर सुई फिरे आणि त्यांतून नाचाचें गाणें निघे.

येथवर आलों तरी बोंच गेली नव्हती. ती कोठली आहे हें कळावयास मला मेहकरपर्यंत मागें जावें लागलें.

मेहकरचे वकील आणि कवि ना. घ. देशपांडे हे आमच्या जिल्ह्याचें भूषण. जन्म इ. स. १९०९ चा. त्यांनीं पंचविशीही गांठली नव्हती त्या सुमारास त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनीं गाइली आणि तिची तबकडी निघाली. मराठी भावगीताच्या युगाचा आरंभ पुष्कळ लोक तिच्यापासून धरतात. 'शीळ' हा त्यांचा संग्रह मात्र निघाला इ. स. १९५४ मध्यें. म्हणजे संग्रहांत येण्यापूर्वीं वीस वर्षें ही कविता महाराष्ट्रांत कानांवरून हिंडत होती, आणि तिचें पुस्तक म्हणजे ती लाखेची तबकडी. लाख तरी कशाची? पळस, बोर, कुसुंब यांच्या फांद्यांवर बारीक किडे जी राळ स्रवतात तिची. रानांतली शीळ रानांतल्याच झाडाच्या लाखेवर बसून घरोघर गेली.

माझे आजोबा मेहकरास कचेरींत कारकून होते. त्यांच्याकडे किल्लीचा ग्रामोफोन होता आणि एका लांकडी पेटींत वीस-पंचवीस तबकड्या. माझ्या लहानपणीं त्या यंत्राची कमान तुटलेली होती, त्यामुळें ती पेटी म्हणजे आम्हां मुलांच्या लेखीं काळ्या ताटल्यांची पेटी. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. उन्हाळ्याच्या सुटींत एके दुपारीं घरचे झोंपले असतां आम्ही तिघां भावंडांनीं ती पेटी पैनगंगेवर नेली आणि डोहाच्या कांठीं उभें राहून एकेक तबकडी पाण्यावर टप्पे खात जाईल अशा बेतानें भिरकावली. कांहीं दगडांवर आपटून फुटल्या. त्यांचे तुकडे पुन्हां भिरकावले. फार मजा आली. संध्याकाळीं बोभाटा झाला. आम्हांला कोणी मारलें नाहीं. आजोबा ओट्यावर बसले होते, त्यांनीं एवढेंच विचारलें, "कोणकोणत्या होत्या?" आम्हांला सांगतां येईना. लेबलें कोणीं वाचलीं होतीं? त्यांत 'शीळ' होती हें वडिलांनीं मला पुष्कळ वर्षांनीं सांगितलें.

'शीळ' बुडाली नाहीं. ती आजही ऐकावयास मिळते. जाति शाबूत आहे. आणि तरीही त्या ओट्यावरच्या प्रश्नाला माझ्याजवळ आजतागायत उत्तर नाहीं. भाचीला मीं विचारलेला प्रश्न आणि आजोबांनीं मला विचारलेला प्रश्न हा एकच होता, हें ध्यानांत आलें तेव्हां बोंचेचें ठिकाण सांपडलें. वस्तु मोडण्याचा अधिकार मालकाला असेल, गरजवंताला असेल, काळाला तर आहेच. पण काय मोडतों आहों हें जाणून घेण्याची जबाबदारी या अधिकाराबरोबर येते, आणि ती मोडणाऱ्यावरच असते. दुसऱ्या कोणावर टाकतां येत नाहीं. भाचीनें लेबल निदान दर्शनी ठेविलें होतें. आम्हीं तेंही वाचलें नव्हतें.

हा विचार येथें संपला असता तर लेख बरा झाला असता आणि मीही त्यांतून सुखरूप सुटलों असतों. पण तिसऱ्या दिवशीं भाची म्हणाली, "मामा, तुमच्या माळ्यावर आप्पांची पेटी आहे ना? ती देतां का?" आप्पा म्हणजे माझे वडील. त्या पेटींत चौदा मोठ्या तबकड्या. पैकीं कांहीं 'गीतरामायणा'च्या. गदिमांचीं छप्पन्न गीतें पुणें आकाशवाणीवरून इ. स. १९५५-५६ मध्यें आठवड्याला एक याप्रमाणें सुधीर फडक्यांच्या चालींवर गेलीं, आणि पुढें त्यांच्या तबकड्या निघाल्या, त्या आप्पांनीं पगारांतून एकेक करून घेतलेल्या. मी एकदम उसळलों. संस्कृति, वारसा, वडिलांची स्मृति, सगळे मोठे शब्द मीं एका दमांत वापरले. आई कोपऱ्यांत वाती वळीत बसली होती. चौऱ्यायशीं वर्षांची आहे. ऐकूं कमी येतें, पण नको तें नेमकें येतें. ती म्हणाली, "अरे, आप्पा गेल्याला एकोणीस वर्षें झालीं. त्या पेटीसाठीं तूं कितीदां शिडी लावलीस?"

एकदांही नाहीं. मघाशीं जो प्रश्न मीं बाजूला सारला होता तो हा. भाचीचा बटवा निदान प्रदर्शनांत कोणी हातांत घेऊन पाहतें. माझा वारसा माळ्यावर उंदरांच्या हवालीं होता. यंत्राची सुई केव्हांच गेलेली. मग अकोल्याच्या एका स्नेह्याकडून मीं चालतें यंत्र मागून आणलें आणि एका रविवारीं सकाळपासून चौदाही तबकड्या लावल्या. तिघेंही बसलों, भाची अस्तराचें कापड बेतीत होती. चार तबकड्या ऊन लागून वांकल्या होत्या, त्यांवर सुई ठरेना. एकींतून नुसती खरखर. 'गीतरामायणा'च्या एका तबकडीवर मात्र आडवा ओरखडा होता, आणि त्या ठिकाणीं सुई मागें सरून तीच ओळ पुन्हां म्हणे, तीनदां म्हणे, चौथ्यांदां आपोआप पुढें जाई. आईनें वाती खालीं ठेविल्या. लहानपणापासून आई ती ओळ स्वयंपाक करतांना तीनदां म्हणत आलेली मीं ऐकली आहे. ती गाण्याची रचनाच तशी आहे असें मी पन्नास वर्षें समजत होतों. भ्रमणध्वनींत तीच ओळ एकदांच येते आणि मला तें गाणें कांहीं तरी गाळल्यासारखें वाटे. तें आमच्या घरचें गाणें होतें, आणि जगांत त्याची प्रत एकच.

माझें अनुमान झालें कीं आतां हीच तबकडी काय ती ठेवावयाची. आईचें उलट. तिनें ओरखड्याची तीच तबकडी भाचीच्या हातांत दिली. "हिचा कर," म्हणाली, "मला पाठ आहे. पण रामाचें नांव आहे. बाजारांत विकूं नकोस, जमिनीवर ठेवूं नकोस. मलाच दे." मीं हरकत घेतली नाहीं. घ्यावयास हवी होती कीं काय, हें मला अजून ठरवितां आलेलें नाहीं. बाकीच्या तबकड्यांपैकीं दहा भाचीनें नेल्या. नेतांना प्रत्येकीचें लेबल तिनें मोठ्यानें वाचलें आणि वहींत उतरवून घेतलें. तीन मीं ठेविल्या. त्याच तीन कां, याचें कारण मला शास्त्रानें देतां येणार नाहीं. एकींत आप्पांच्या हातची खरेदीची तारीख वेष्टनावर लिहिलेली आहे, एवढेंच.

आईचा बटवा संक्रांतीला आला. कढत पाण्यांत मऊ करून नावेसारखा वांकविलेला, दोन्ही टोंकांना खणाची पट्टी, आंत तांबडें अस्तर. देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर तो असतो. त्यांत तिचा चष्मा, जपाची माळ आणि औषधाची चिठ्ठी. दुपारीं झोंप लागली नाहीं म्हणजे ती तो मांडीवर घेऊन बसते आणि अंगठ्याचें नख कांठापासून आंत रेघांवरून हळूंहळूं ओढते. बारीक खर्र असा आवाज निघतो. ऐकूं कमी येतें तिला. तरी ओरखड्याशीं आली कीं तिचें बोट थांबतें.